गाठ निघाल्यानंतरचे वर्ष

श्रवण आणि तोल या दोन भिन्न क्षमतांचे संदेश मेंदूपर्यंत नेणारा आठवा मज्जातंतू, म्हणजे कवटीतून थेट मेंदूला जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी आठव्या जोडीतला एक, आतल्या कानापासून मस्तिष्कस्तंभापर्यंतचे अंतर हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून पार करतो, आणि त्याच बोगद्यातून त्याला खेटून चेहऱ्याचे स्नायू हलवणारा सातवा मज्जातंतू जातो. या शेजारामुळे आठव्या मज्जातंतूवर वाढलेली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया गाठीच्या आकाराच्या मानाने फार नाजूक ठरते. गाठ कर्करोगाची नसते, शरीरात अन्यत्र पसरत नाही आणि वाढलीच तर बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटर इतक्या संथपणे वाढते. तरीही ती काढल्यावर ऐकणे, चालणे, पापणी मिटणे आणि हसणे यांपैकी काही ना काही रुग्णाला नव्याने शिकावे लागते. शल्यचिकित्सकाचे यश काही तासांत ठरते, रुग्णाचे बरे होणे मात्र पुढच्या वर्षभरात ठरते, आणि त्या वर्षाची पुरेशी तयारी न करताच बहुतेक कुटुंबे रुग्णाला घरी आणतात.

या गाठीला सर्वसाधारणपणे ‘अकूस्टिक न्यूरोमा’ म्हटले जाते, तर वैद्यकीय ग्रंथांत ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ हे नाव रूढ आहे, कारण ती मज्जातंतूच्या तोल सांभाळणाऱ्या शाखेभोवतीच्या आवरणपेशींतून उगवते आणि या पेशींना थिओडोर श्वान या एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञाचे नाव मिळालेले आहे. दरवर्षी लाख लोकांमागे साधारण एका-दोघांत तिचे निदान होते आणि हे रुग्ण बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यानचे असतात. बाविसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात जन्मजात दोष असलेल्या मोजक्या रुग्णांत ती दोन्ही बाजूंना होते. त्यांचा प्रश्न निराळा आणि अधिक बिकट असल्याने तो येथे बाजूला ठेवलेला आहे. पहिले लक्षण बहुतेकदा एकाच कानाने कमी ऐकू येणे हे असते, आणि ते इतक्या हळूहळू घडते की फोन नकळत दुसऱ्या कानाला लावला जाऊ लागतो. त्याच कानात सतत गुणगुण, म्हणजे कर्णनाद, आणि चालताना किंचित झोकांडी ही लक्षणे मागाहून येतात. लहान गाठीवर काही काळ केवळ एमआरआयने लक्ष ठेवता येते, कारण अनेक गाठी वर्षानुवर्षे वाढतच नाहीत. लहान व मध्यम गाठींवर केंद्रित किरणांचा उपचारही करता येतो, ज्यासाठीची गॅमा नाइफ ही यंत्रणा 1997 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये आली. मस्तिष्कस्तंभावर दाब आणणाऱ्या मोठ्या गाठीला मात्र शस्त्रक्रियेवाचून पर्याय नसतो. आपल्याकडे एका कानाचा बहिरेपणा वयावर, सर्दीवर किंवा कानातल्या मळावर ढकलला जातो, तेल घालून पाहिले जाते, आणि त्यामुळे गाठ सापडेपर्यंत ती बरीच मोठी झालेली असते. मोठी गाठ म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूला अधिक धोका आणि अधिक लांबलेले बरे होणे, हा हिशेब निदानाच्या दिवशीच रुग्णापुढे मांडला गेला पाहिजे.

बरे होण्याच्या अपेक्षा किती बदलल्या आहेत हे समजण्यासाठी या शस्त्रक्रियेचा इतिहास उपयोगी पडतो. लायडनच्या एदुआर्द सांडिफोर्ट यांनी 1777 मध्ये शवविच्छेदनात दिसलेल्या अशा गाठीचे वर्णन केले, पण जिवंत रुग्णाची गाठ काढून त्याला वाचवण्याचे पहिले श्रेय सहसा लंडनचे चार्ल्स बॅलन्स यांना दिले जाते. त्यांनी 1894 मध्ये एका स्त्रीची गाठ काढली आणि ती पुढे कित्येक वर्षे जगली. ती गाठ नेमक्या याच प्रकारची होती की मेंदूच्या आवरणाची, याविषयी इतिहासकारांत मतभेद असले तरी या रुग्णाचे पुढे काय झाले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण चेहऱ्याचा लकवा आणि चेहऱ्याची बधिरता हे दोन्ही एकाच बाजूला आल्याने तिचा त्या बाजूचा डोळा अखेर काढावा लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी ही शस्त्रक्रिया झालेले बहुसंख्य रुग्ण दगावत असत. बॉस्टनचे हार्वे कुशिंग यांनी, ज्यांचा या गाठींवरचा ग्रंथ 1917 मध्ये प्रसिद्ध झाला, गाठीचे बाहेरचे कवच जागीच ठेवून फक्त आतला भाग पोखरून काढण्याची पद्धत अवलंबिली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. त्यांचे समकालीन वॉल्टर डँडी यांनी त्यापुढे जाऊन संपूर्ण गाठ काढण्याचा आग्रह धरला. मुळात दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन नंतर कानाच्या शस्त्रक्रियेकडे वळलेले लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस यांनी 1960 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली कानामागच्या हाडातून गाठीपर्यंत पोहोचण्याची वाट प्रचारात आणली, आणि त्यानंतर चेहऱ्याचा मज्जातंतू वाचवणे हे अपवादाऐवजी उद्दिष्ट बनले. आज अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेत मृत्यू क्वचितच होतो, त्यामुळे ‘वाचला’ हे उत्तर आता पुरेसे राहिलेले नाही. रुग्ण कसा जगतो हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर मोठ्या प्रमाणात शस्त्रक्रियागृहाबाहेर घडते.

गाठीपर्यंत जाण्याच्या तीन प्रमुख वाटा आहेत आणि कोणती वाट घेतली यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. आतल्या कानातून जाणाऱ्या वाटेत चेहऱ्याचा मज्जातंतू लवकर आणि स्पष्ट दिसतो, पण त्या कानाचे उरलेसुरले ऐकणे जाते. कानामागून, लहान मेंदूच्या कडेने जाणाऱ्या वाटेत ऐकणे वाचण्याची शक्यता राहते, पण नंतरची डोकेदुखी अधिक आढळते. कानाच्या वरून जाणारी तिसरी वाट बोगद्याच्या आतच असलेल्या लहान गाठींपुरती वापरली जाते. पहिल्या वाटेत हाडातली पोकळी भरण्यासाठी पोटावरची थोडी चरबी घेतली जाते, त्यामुळे मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर टाके कसे, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. त्याचे उत्तर आधीच मिळाले तर एक अकारण भीती टळते.

रुग्णालयातले दिवस साधारण एका आठवड्याच्या आत संपतात आणि घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ज्या गोष्टीकडे सर्वाधिक लक्ष द्यायचे ती म्हणजे मेंदूभोवतीच्या द्रवाची गळती. हा द्रव कानामागच्या हाडातील हवेच्या पोकळ्यांतून मधल्या कानात आणि तेथून नाकामागे उघडणाऱ्या नळीवाटे नाकात उतरू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया कानामागे झालेली असताना गळती नाकातून दिसते. खाली वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा, न चिकटणारा थेंब पडत असेल, किंवा घशामागे सतत खारट चव उतरत असेल, तर ती सर्दी समजून वाफारा घेत बसण्याची वेळ नसते. तत्काळ रुग्णालयाला कळवावे लागते, कारण ज्या वाटेने द्रव बाहेर येतो त्याच वाटेने जंतू आत जाऊन मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. ताप, वाढती डोकेदुखी, मान ताठरणे आणि उजेड सहन न होणे ही त्या दाहाची लक्षणे आहेत आणि ती दिसली तर सकाळची वाट पाहणे धोक्याचे असते. गळती टाळण्यासाठी डोक्यातला दाब वाढवणारी प्रत्येक क्रिया शल्यचिकित्सकाने परवानगी देईपर्यंत वर्ज्य असते: जोराने नाक शिंकरणे, तोंड दाबून शिंकणे, शौचाला कुंथणे, पाण्याची भरलेली बादली किंवा गॅसचा सिलिंडर उचलणे. योगाभ्यास करणाऱ्यांनी यात शीर्षासन, सूर्यनमस्कार, कपालभाती आणि भस्त्रिका यांचीही भर घालावी, कारण ‘योगाने अपाय होत नाही’ या श्रद्धेपोटी हे प्रकार अनेकदा सर्वांत आधी सुरू केले जातात. उकिडवे बसण्याच्या शौचालयात कुंथणे आणि तोल जाणे हे दोन्ही धोके एकत्र येतात, म्हणून काही आठवडे कमोडची खुर्ची घरात आणणे हा अल्प खर्चाचा आणि मोठ्या उपयोगाचा उपाय ठरतो.

यानंतर येतो तोलाचा प्रश्न, आणि या लेखाचे मुख्य म्हणणे त्याच्याशीच निगडित आहे. डावा आणि उजवा असे दोन्ही आतले कान डोके स्थिर असतानाही मेंदूकडे सतत संदेश पाठवत असतात. माकडांवरच्या मोजमापांत तोलाच्या मज्जातंतूतील एकेका तंतूतून सेकंदाला सरासरी सुमारे 90 स्पंद जाताना आढळले आहेत. दोन्हीकडची ही आवक सारखी असली की मेंदू ‘डोके स्थिर आहे’ असा अर्थ लावतो, आणि डोके एका बाजूला वळले की एकीकडची आवक वाढून दुसरीकडची घटते, जणू एकाच तराजूची दोन पारडी. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर तोलाचा मज्जातंतू कापला जातो तेव्हा एक पारडे एकदम रिकामे होते, आणि पलंगावर निश्चल पडलेल्या रुग्णालाही आपण गरगर फिरत आहोत असे वाटते, डोळे एका दिशेने झटके देत राहतात, मळमळ व उलट्या होतात. ज्यांच्या गाठीने हा मज्जातंतू आधीच हळूहळू निकामी केलेला असतो त्यांच्या मेंदूने ही तडजोड पूर्वीच केलेली असल्याने मोठी गाठ असलेल्या रुग्णाला ही भोवळ कित्येकदा कमी जाणवते, आणि ज्याची गाठ लहान व तोल शाबूत होता त्याला ती अधिक छळते. याच निरीक्षणावरून स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी शस्त्रक्रियेपूर्वीच कानात औषध सोडून त्या बाजूची तोलाची क्षमता मुद्दाम घालवण्याची आणि व्यायामाने मेंदूला आधीच तयार करण्याची पद्धत वापरून पाहिली.

तोलाचा कापलेला मज्जातंतू पुन्हा उगवत नाही. जे बरे होते ते मेंदूत होते. मस्तिष्कस्तंभातील तोलाची केंद्रे आणि लहान मेंदू मिळून दोन्ही बाजूंची आवक पुन्हा समतोल मानू लागतात, आणि पडून असतानाची भोवळ काही दिवसांत ओसरते. हा पहिला टप्पा आपोआप घडतो. दुसरा टप्पा, म्हणजे डोके हलत असताना दृष्टी स्थिर राहणे आणि चालताना पाऊल सरळ पडणे, आपोआप घडत नाही. त्यासाठी मेंदूला आपली चूक पुन्हा पुन्हा दिसावी लागते, आणि चूक दिसण्यासाठी डोके हलवावेच लागते. तोलाचे इंद्रिय निकामी केलेल्या बबून वानरांना हालचाल करू न दिल्यास त्यांचे बरे होणे रखडते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. मनुष्याच्या बाबतीत हे आधी अनुभवाने ओळखले गेले: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये कानाचे शल्यचिकित्सक टेरेन्स कॉथॉर्न आणि पुनर्वसनतज्ज्ञ कूक्सी यांनी डोळे, मान आणि शरीर यांच्या क्रमाने वाढत जाणाऱ्या हालचालींची एक मालिका रचली आणि रुग्णांना गटाने, भोवळ येत असतानाही, ती करायला लावली. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे हे व्यायाम आजही वापरात आहेत. पुढे अमेरिकेतील सुझन हर्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, याच गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही दिवसांत दृष्टी स्थिर ठेवण्याचे व्यायाम सुरू केलेल्या रुग्णांना ते न केलेल्यांपेक्षा अस्थिरता कमी जाणवली, असे दाखवून दिले.

मूळ व्यायाम दिसायला साधा आहे. हातभर अंतरावर धरलेल्या कार्डावरील एका अक्षरावर नजर खिळवायची आणि अक्षर स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने डोके डावीउजवीकडे, मग वरखाली हलवायचे. मिनिटभराचा हा प्रयत्न दिवसातून अनेकदा करायचा, प्रथम बसून, मग उभे राहून, मग चालताना, आणि शेवटी मागे रेघारेघांचा पडदा किंवा रहदारी असताना. त्याला जोड म्हणून उशीवर उभे राहणे, टाचेला बोट लावून चालणे, आणि कोणी जवळ असताना डोळे मिटून उभे राहणे हे प्रकार येतात. यातले काय केव्हा करायचे हे तोलाच्या पुनर्वसनाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टने ठरवायचे असते, पण तत्त्व रुग्णानेही समजून घ्यायला हवे: व्यायामाने किंचित गरगरले पाहिजे आणि ते थोड्या वेळात शमले पाहिजे. अजिबात न गरगरणारा व्यायाम मेंदूला काही शिकवत नाही, आणि तासन्‌तास टिकणारी भोवळ आणणारा व्यायाम रुग्णाला व्यायामापासून पळवून लावतो.

येथे महाराष्ट्रातील घरांची माया आड येते, हे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. डोक्याचे ऑपरेशन झाले आहे म्हणून रुग्णाला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवणे, ताट आणि पाणी हातात देणे, मान हलवू नको असे दहा जणांनी दहा वेळा बजावणे, आणि गरगरले की चक्कर थांबवणारी गोळी देणे, यांतले प्रत्येक कृत्य प्रेमातून येते आणि प्रत्येक कृत्य मेंदूचे शिकणे लांबवते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांना पहिल्या काही दिवसांत जागा आहे, कारण सतत उलट्या होत असताना कोणीही व्यायाम करू शकत नाही; पण त्या आठवडेच्या आठवडे चालू राहिल्या तर ज्या चुकीच्या जाणिवेवरून मेंदू शिकणार ती जाणीवच त्या बोथट करतात. औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर त्या पुन्हा पुन्हा आणल्या जातात, आणि वर्षभरानंतरही भिंतीला धरून चालणाऱ्या रुग्णाच्या घरी त्यांची पाकिटे सापडावीत यात नवल नाही. वजन उचलू नये आणि कुंथू नये ही पथ्ये खरीच आहेत. मान हलवू नये हे, शल्यचिकित्सकाने तसे वेगळे सांगितले नसेल तर, पथ्य नव्हे. विश्रांती जखमेला हवी असते आणि तोलाला हालचाल, आणि या दोहोंतला फरक घरच्यांना समजावून सांगण्यात गेलेली दहा मिनिटे अनेक महिन्यांचा त्रास वाचवू शकतात.

बरे झालेला तोलही पूर्वीसारखा बिनबोभाट राहत नाही. तो डोळे आणि पावले यांच्यावर अधिक विसंबून असतो, म्हणून अंधारात, वाळूत, उखडलेल्या पदपथावर किंवा वीज गेलेल्या जिन्यात तो कमी पडतो. रात्री उठताना लागणारा मंद दिवा आणि जिन्याचा कठडा यांना त्यामुळे महत्त्व येते. एका धोक्याविषयी फार कमी सांगितले जाते आणि तो ग्रामीण भागात गंभीर आहे. पाण्याखाली पावलांना आधार नसतो आणि गढूळ पाण्यात डोळ्यांनाही काही दिसत नाही, अशा वेळी वर कोणते आणि खाली कोणते हे ठरवणे या रुग्णाला अशक्य होऊ शकते. लहानपणापासून विहिरीत सूर मारणाऱ्याने, कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी, शस्त्रक्रियेनंतर एकट्याने पाण्यात उतरू नये. शिवाय मोठा ताप, जागरण, किंवा दुसऱ्या आजाराने आलेले अंथरूण यांनंतर विसरलेली अस्थिरता काही काळ परत येते. गाठ पुन्हा झाली असा धसका न घेता व्यायाम पुन्हा सुरू करणे हाच बहुधा त्यावरचा इलाज असतो.

चेहऱ्याच्या मज्जातंतूला शस्त्रक्रियेत धक्का बसला तर त्या बाजूचे तोंड वाकडे होते आणि घरातील सर्वांचे लक्ष तोंडाकडे जाते, पण पहिले लक्ष डोळ्याकडे जायला हवे. पापणी पुरती मिटत नाही. अश्रू निर्माण करण्याचा आदेश नेणारे तंतूही याच मज्जातंतूबरोबर जात असल्याने डोळा कोरडा पडतो. आणि मोठ्या गाठीने चेहऱ्याच्या संवेदनेचा पाचवा मज्जातंतूही दाबला असेल तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, बधिर होतो. उघडा, कोरडा आणि बधिर अशा डोळ्यात कण गेला, पडद्याला जखम झाली, तरी दुखत नाही, आणि म्हणूनच तो सर्वाधिक धोक्यात असतो. बॅलन्स यांच्या रुग्णाच्या बाबतीत 1894 नंतर जे घडले ते आजही घडू शकते, फक्त ते टाळण्याची साधने आता हाताशी आहेत: दिवसभर ठरावीक अंतराने कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री दाट मलम आणि पापणी नीट मिटवून लावलेली पट्टी, बाहेर पडताना कडेने बंद असलेला चष्मा. पंख्याचा थेट झोत, फोडणीचा धूर, उदबत्ती आणि धूप, दुचाकीवरचा वारा आणि दिवाळीतील फटाक्यांचा धूर या सर्वांपासून हा डोळा जपावा लागतो. वेदनेवर विसंबता येत नसल्याने घरातील एकाने रोज उजेडात डोळा पाहावा, आणि लाली किंवा धूसरपणा दिसताच त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पापणी दीर्घकाळ मिटणार नाही असे दिसले तर वरच्या पापणीत सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे लहानसे वजन बसवता येते, ज्याच्या भाराने ती खाली येते, आणि नंतर गरज संपली की ते काढता येते.

चेहऱ्याची हालचाल किती गेली आहे हे मोजण्यासाठी हाउस आणि ब्रॅकमन यांनी 1985 मध्ये मांडलेली सहा पायऱ्यांची श्रेणी जगभर वापरली जाते. पहिली पायरी म्हणजे सामान्य चेहरा आणि सहावी म्हणजे पूर्ण लकवा. मज्जातंतू सलग असेल तर आशा ठेवण्यास भक्कम आधार असतो, परंतु इजा झालेले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढत असल्याने पहिली हालचाल दिसायला कित्येक महिने लागू शकतात, आणि सुधारणा दीड वर्षापर्यंत चालू राहते. शस्त्रक्रियेनंतर चेहरा ठीक असताना काही दिवसांनी अचानक लकवा येण्याचाही एक प्रकार आहे. तो घाबरवणारा असला तरी बहुतेकदा चांगला बरा होतो. हॉलिवूडचे अभिनेते मार्क रफालो यांची 2000 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत हीच गाठ काढण्यात आली, चेहऱ्याची एक बाजू कित्येक महिने निश्चल राहिली आणि मग परत आली, मात्र डाव्या कानाचे ऐकणे कायमचे गेले. ज्याचा चेहरा हेच ज्याचे उपजीविकेचे साधन आहे अशा माणसाने हे उघडपणे सांगितल्याने अनेक रुग्णांना धीर मिळाला.

प्रतीक्षेच्या या काळात अति उत्साह अपाय करतो. तंतू परतताना कधी कधी चुकीच्या स्नायूकडे जातात, आणि मग हसताना डोळा मिटतो, डोळा मिटताना ओठ ओढला जातो किंवा जेवताना डोळ्यातून पाणी वाहते. फुगे फुगवणे, पूर्ण जोर लावून तोंड वेंगाडणे, तेलाने रगडणे असे सल्ले शेजारीपाजारी देतात. फुगे फुगवल्याने डोक्यातला दाब वाढतो हा पहिल्या आठवड्यांतला धोका वेगळाच, पण पुढेही जोरकस, सरसकट हालचालींनी चुकीच्या जोडण्या पक्क्या होण्याची भीती असते. आरशासमोर बसून एकेका स्नायूची लहान, सावकाश आणि दोन्ही बाजूंना सारखी हालचाल शिकणे ही या क्षेत्रातील मान्य पद्धत आहे, आणि नको तेथे ओढ घेणारे स्नायू बोट्युलिनमच्या इंजेक्शनने सैल करता येतात. वर्ष उलटत आले तरी काहीच हालचाल नसेल तर वाट पाहत राहणे हा निर्णय नव्हे, कारण आदेश न मिळालेले स्नायू कालांतराने झिजून जातात. जिभेचा किंवा चावण्याच्या स्नायूचा मज्जातंतू चेहऱ्याच्या मज्जातंतूला जोडण्याची शस्त्रक्रिया त्याआधीच विचारात घ्यावी लागते. अन्य मज्जातंतू चेहऱ्याच्या मज्जातंतूला जोडण्याचा आरंभीचा प्रयत्न 1895 मध्ये बॅलन्स यांनीच केला होता.

एका कानाचे ऐकणे गेले तर शांत खोलीत फारसे अडत नाही, त्यामुळे हे नुकसान इतरांना दिसत नाही आणि रुग्णावर दुर्लक्ष करण्याचा किंवा घुमेपणाचा आरोप येतो. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांत तो पोहोचण्यातील वेळ आणि जोर यांच्या फरकावरून ठरवतो. एकच कान उरला की हॉर्न ऐकू येतो, पण गाडी कुठून येते ते कळत नाही. म्हणून रस्ता ओलांडताना कानावर नव्हे तर मान वळवून डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. पंगतीत किंवा बैठकीत निकामी कान भिंतीकडे येईल अशी टोकाची जागा घेणे, आणि तसे मोकळेपणाने सांगणे, हे लहानसे वाटणारे बदल थकवा बराच कमी करतात. निकामी बाजूचा आवाज टिपून चांगल्या कानाकडे पाठवणारी श्रवणयंत्रे आणि कवटीच्या हाडातून कंपने पलीकडे नेणारी यंत्रे उपलब्ध आहेत; त्यांनी त्या बाजूचे बोलणे ऐकू येते, दिशा मात्र परत मिळत नाही, आणि हाडातून कंपने नेणारे यंत्र शस्त्रक्रियेने बसवण्याआधी डोक्याला पट्टा बांधून त्याचा अनुभव घेता येतो. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था 1983 पासून श्रवणक्षेत्रात काम करीत असून अशा तपासण्यांसाठी ती मुंबई परिसरातील रुग्णांना जवळची आहे. कर्णनाद शस्त्रक्रियेने जाईलच असे नसते, कारण मज्जातंतू कापल्यावरही तो आवाज मेंदूत निर्माण होत राहू शकतो. उरलेला कान जपणे हे आता कर्तव्य होते: डीजेच्या भिंतीसमोर उभे राहू नये, आणि कोणत्याही आजारात इंजेक्शन घेताना आपल्याला एकच कान आहे हे डॉक्टरांना सांगावे, कारण जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके कानाला बाधू शकतात.

कायद्याने या रुग्णांकडे पुरेसे पाहिलेले नाही, असे म्हणणे भाग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार कर्णबधिर ठरण्यासाठी दोन्ही कानांत 70 डेसिबल आणि ‘ऐकण्यास कठीण’ या वर्गासाठी दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल इतका श्रवणऱ्हास असावा लागतो. एका कानाने पूर्ण बहिरा, तोल अर्धा गेलेला आणि चेहरा वाकडा झालेला मनुष्य या व्याख्येबाहेर राहतो. तिन्ही नुकसानांची एकत्रित मोजणी करणारी पद्धत वैद्यकीय मंडळांना द्यायला हवी.

थकवा ही या वर्षातील सर्वांत कमी समजलेली तक्रार आहे. पूर्वी नकळत होणारे चालणे आणि ऐकणे यांसाठी आता सतत लक्ष खर्च होते, त्यामुळे बाजारातून अर्ध्या तासाने परतलेला रुग्ण दिवसभर काम केल्यासारखा दमतो. बैठे काम करणारे बहुतेक जण दीड ते तीन महिन्यांत कामावर परततात, पण प्रथम अर्धा दिवस अशी सवलत मागण्यात कमीपणा नाही. कानामागून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर डोकेदुखी रेंगाळू शकते आणि तिच्यावर रोज वेदनाशामक गोळी घेतल्याने तीच गोळी पुढे डोकेदुखीचे कारण होऊ शकते, म्हणून मानेचे व्यायाम आणि योग्य औषधयोजना आवश्यक असते. चेहरा बदललेल्या माणसाला लग्नसमारंभ टाळावेसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु उदासपणा आठवडे टिकला तर तोही उपचाराचाच भाग मानावा. अशा रुग्णांची पहिली संघटना पेन्सिल्वेनियातील कार्लाइल येथे 1981 मध्ये व्हर्जिनिया फिकेल एर या रुग्णानेच सुरू केली, आणि ती आजही अमेरिकेत कार्यरत आहे. तेथील मराठी कुटुंबांना तिचा थेट लाभ घेता येतो. मराठीत बोलणारा असा गट पुणे-मुंबईतील एखाद्या रुग्णालयाच्या आश्रयाने उभा राहिला तर तो कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

चेहऱ्याचा मज्जातंतू वाचवण्यासाठी गाठीचा पातळ थर मुद्दाम मागे ठेवला जातो तेव्हा नातेवाइकांना ते अपयश वाटते, वस्तुतः तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्या थरावर अनेक वर्षे एमआरआयने लक्ष ठेवले जाते आणि तो वाढलाच तर किरणोपचार करता येतो. गाठ संपूर्ण निघालेल्यांनीही हा पाठपुरावा सोडू नये.

मज्जाशल्यचिकित्सा आणि कान-नाक-घसा विभागांना म्हणूनच एक विनंती आहे: रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर टाके काढण्याच्या तारखेबरोबर नेत्रतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि श्रवणतज्ज्ञ यांच्या भेटीच्या तारखाही छापील असाव्यात, चक्कर थांबवणाऱ्या गोळीपुढे ती बंद करण्याचा दिवस लिहिलेला असावा, आणि घरच्या एका माणसाला व्यायाम प्रत्यक्ष करून दाखवल्यावाचून रुग्णाला घरी पाठवू नये. आणि वाचकांपैकी ज्यांना फोन नेहमी एकाच कानाला लावावा लागतो, कारण दुसऱ्याने नीट ऐकू येत नाही, त्यांनी या महिन्यातच श्रवणचाचणी करून घ्यावी आणि दोन कानांत फरक आढळला तर एमआरआयविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.